आयरनीचा आवाज

भोंगासर वर्गात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा. जिन्याच्या खालच्या वळणावर त्यांनी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं की वरच्या मजल्यावर बाकांवर चढलेली पोरं टपाटप खाली उतरायची. नाव पोरांनीच ठेवलेलं, आणि ते इतकं जुनं झालं होतं की मुख्याध्यापिकाबाई एकदा भर सभेत "आपले भोंगासर" म्हणून गेल्या आणि मग जीभ चावून पाण्याचा पेला शोधू लागल्या. सरांना राग आला नाही. मनातून गुदगुल्याच झाल्या.

आवाज होताच तसा. एका वर्षी शाळेच्या संमेलनात ऐन रंगात वीज गेली. सभागृह खच्चून भरलेलं, मिट्ट काळोख, माईक मुका. लहान मुलं रडायला लागली, खुर्च्या सरकू लागल्या. तेव्हा विंगेत उभे असलेले सर पुढे आले आणि म्हणाले, "बसून घ्या. पुढचा कार्यक्रम असा आहे..." ओरडले नाहीत, नुसतं बोलले. शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही वाटलं की हा माणूस माझ्याच कानाशी बोलतोय. वीज येईपर्यंत सर बोलत राहिले आणि कुणी जागचं हललं नाही. असा आवाज मिळवायला लोक उभा जन्म रियाज करतात. सरांना तो फुकट मिळाला होता आणि त्यांनी तो शाळेत खर्चून टाकला.

शाळेत ते वरच्या वर्गाला इंग्रजी शिकवत. शालान्त परीक्षेआधीची अलंकारांची उजळणी हा त्यांचा हुकमी खेळ होता. इतर शिक्षक व्याख्या घोकून घेत. सर म्हणत, "पुस्तकं मिटा. डोळे मिटा. आता कान उघडा." मग एकेक वाक्य म्हणायचे, आणि वर्गानं ऐकून अलंकार ओळखायचा. प्रत्येक अलंकाराला त्यांनी वेगळा आवाज दिला होता. हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती, शब्दागणिक चढत छताला जाऊन आपटायची. निर्जीवाला माणूस मानणाऱ्या पर्सॉनिफिकेशनला तान्ह्या बाळाशी बोलावं तशी लाडीगोडी. अपॉस्ट्रॉफीत समोर नसलेल्या माणसाला हाक मारायची असते, म्हणून ते खिडकीबाहेर बघत लांब कुठेतरी साद घालायचे आणि निम्मा वर्ग डोळे उघडून खिडकीकडे बघायचा.

पण त्यांची लाडकी आयरनी. बोलायचं एक आणि म्हणायचं असतं नेमकं उलट, ती आयरनी. तिच्यासाठी सर आवाज एकदम खाली न्यायचे, पोटातून काढायचे. घोगरा, थकलेला, वाक्य जमिनीवर टाकून दिल्यासारखा. हे सगळे आवाज शेजारच्या खालच्या वर्गांनाही भिंतीपलीकडून ऐकून पाठ असायचे. आयरनीचा आवाज निघाला की सगळा वर्ग एका दमात म्हणायचा, "आयरनी!"

निकाल चांगले लागत. पेपरात बहुतेक वाक्यं धड्यांतलीच यायची, आणि धडे सरांनी वर्षभर मोठ्यानं वाचलेले असायचे. परीक्षेच्या दालनात पोरांच्या कानात सरच बोलायचे. जुनी मुलं कुठेही भेटत. एक बसमध्ये वाहक होता. मुंगीला जागा नसताना तो ओरडायचा, "अख्खी बस रिकामी आहे, चला पुढे!" आणि गर्दीत सर दिसले की तितक्याच मोठ्यानं म्हणायचा, "हायपरबोली, सर!"

त्या वर्षी शाळा सुरू झाली तीच बसलेल्या घशानं. सर म्हणाले, खडूची धूळ. मग म्हणाले, वयाचं आहे. खडीसाखर झाली, गुळण्या झाल्या, खिशात लवंगांची पुडी आली. वर्ष सरत आलं तरी घसा काही सुटेना. सहामाहीनंतर तर आवाज असा झाला की दारावरच्या दूधवाल्यानं विचारलं, "सर घरी नाहीत का?" आणि दार सरांनीच उघडलं होतं.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांचे डोळे तपासायची, काचा बसवून द्यायची. तिनं एके दिवशी दुकानातून सुट्टी घेतली आणि सरांना हाताला धरून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, घशातला तुकडा काढून तपासायला गेला. मग दोघांना समोर बसवून डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर तरुण होते आणि गोड बोलण्याची कला अजून शिकले नव्हते.

"कर्करोग आहे. स्वरयंत्र काढावं लागेल."

"थोडंसं?" सरांनी विचारलं.

"थोडं काढून भागलं असतं, आधी आला असतात तर. आता पूर्ण."

"मग मी बोलू कसा?"

"बोलणार नाही. गळ्यापाशी एक भोक ठेवतो, त्यातून श्वास घ्यायचा. उपकरण लावून काहीजण थोडंफार बोलतात. पण सर, आवाज गेला तरी जीव वाचतोय. पुढच्या सोमवारी खाट रिकामी आहे."

सरांनी खिशातली लवंग काढली, तिच्याकडे पाहिलं, परत पुडीत ठेवली. "एवढी उजळणी होऊ दे."

"कसली उजळणी?"

"अलंकारांची."

डॉक्टर बायकोकडे बघायला लागले. ती म्हणाली, "सोन्याच्या नव्हे, इंग्रजीच्या. अहो, दुसऱ्या कुणी घेतली उजळणी तर आभाळ कोसळेल का?"

"कोसळेल," सर म्हणाले. "कारण ती आवाजानं शिकवायची गोष्ट आहे. आणि यानंतर तो नाही."

घरी आल्यावर ती चपला काढता काढता म्हणाली, "दुकानात एक आजोबा येतात. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पण भिंतीवरची अक्षरांची पाटी घडाघडा म्हणून दाखवतात, कारण पाठ आहे. मला म्हणतात, बघ, मला सगळं दिसतं."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला बघून आठवण झाली." ती आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

सोमवारची खाट सरांनी सोडली. डॉक्टरांनी पुढचा सोमवार दिला, तोही तोंड वाकडं करून. मधला आठवडा उजळणीचा.

पहिल्या दिवशी सर वर्गात गेले ते नटानं शेवटच्या प्रयोगाला जावं तसे. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. "पुस्तकं मिटा. डोळे मिटा." सगळे डोळे मिटले. सरांनी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य टाकलं, इंग्रजीत: तुला हजार वेळा सांगितलं.

"आयरनी!" वर्ग एका दमात.

सरांना हसू आलं. पहिलंच वाक्य, झोपेत असतील. त्यांनी दुसरं घेतलं: त्याचं काळीज दगड आहे.

"आयरनी!"

सरांनी वर्गावरून नजर फिरवली. डोळे सगळ्यांचे मिटलेलेच होते. तिसरं वाक्य त्यांनी मुद्दाम सोपं घेतलं, ज्यात ‘सारखी’ हा शब्दच आहे, म्हणजे सिमिली, दुसरं काही असूच शकत नाही: ती सिंहासारखी लढली.

"आयरनी!"

आता मात्र सरांची कानशिलं तापली. पोरं टिंगल करतायत. मागच्या बाकावर ‘गॅलरी’ बसायचा. नाटकात शिट्ट्या मारणाऱ्या प्रेक्षकांवरून सरांनीच त्याचं ते नाव ठेवलेलं. "गॅलरी, ऊठ. माझ्या घशाची नक्कल चाललीय?"

"आईशप्पथ नाही, सर!" पोरगा खरंच घाबरला होता. "आयरनीच आहे ना ती?"

"सिंहासारखी लढली, यात आयरनी कुठे?"

"म्हणजे... ती पळून गेली असेल, सर."

वर्ग हसला नाही. माना डोलावल्या गेल्या. सगळ्यांना ते पटलं होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. तिला सगळे ‘शंका’ म्हणत, कारण तास संपल्याची घंटा झाली तरी तिची एक शंका उरलेली असायची. "सर, तुम्ही ते आयरनीच्या आवाजात म्हणालात."

"मी?"

"हो सर. तुम्ही या वर्षी सगळंच त्या आवाजात म्हणता. मला आधी वाटलं, सगळे धडेच तसे आहेत. आपल्या पुस्तकात कुणीच खरं बोलत नाही."

सर वळले, फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि बाजूला झाले. वर्गानं ते वाक्य पाहिलं आणि मग सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. वाट पाहत राहिले. सरांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला की ते कशाची वाट बघतायत. ते वाक्य सर म्हणून दाखवतील, याची. म्हटल्याशिवाय त्यांना ते नुसतं वाक्य होतं. कोऱ्या भिंतीसारखं, त्याच्याकडे बघून काहीच कळत नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत सर एकटे बसून राहिले. चहावर साय धरली. एवढ्या वर्षांत त्यांनी अलंकार शिकवलेच नव्हते, आपला आवाज शिकवला होता. पोरांनी तो मन लावून पाठ केला आणि गुण मिळवले. आणि या बिचाऱ्यांच्या वाट्याला एकच आवाज आला होता, आजाराचा. परीक्षेत ही पोरं ओळीनं ‘आयरनी’ लिहून येणार होती. ज्या आवाजासाठी खाट सोडली, त्यानंच दगा दिला होता. मुख्याध्यापिकाबाई डोकावल्या. "जरा विश्रांती घ्यायची का, सर? वर्गाचं मी बघते. इंग्रजीच्या धाकट्या सरांना देते." सरांनी हातानंच नको म्हटलं. बाईंचं ते ‘जरा’ त्यांना चांगलंच कळलं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिला हसू आलं. "पळून गेली असेल!" म्हणत ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तुमच्या पोरांनीपण पाटी पाठ केलीय."

"हो."

"त्या आजोबांना मी काय करते माहितेय? पाटी बदलते. मग कळतं, किती दिसतंय ते." मग एकदम तिचा स्वर धारदार झाला. "पण ते उद्याच्या उद्या करा आणि सोमवारी माझ्याबरोबर चला. यापुढे एक दिवस नाही. मला त्या वर्गाशी देणंघेणं नाही."

"सोमवारी येतो," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोंगासर मुक्यानं वर्गात शिरले. जिन्यात काही ऐकू आलं नाही म्हणून पोरं बाकांवर उभीच होती. सरांनी फळ्यावर लिहिलं: आजपासून मी बोलणार नाही. तुम्हीही वाक्य मोठ्यानं वाचायचं नाही. डोळे उघडे ठेवा.

हाल झाले. पोरांचे झाले आणि सरांचे जास्त झाले. वाक्य लिहायचं, खाली लिहायचं: हे कोण म्हणतंय? कुणाला? खरी परिस्थिती काय? पोरं ओठ हलवत, आपल्याच मनात कुणाचा तरी आवाज लावून बघत, आणि सर खडूनं टेबल वाजवत. गॅलरी एकदा न राहवून सरांच्या जुन्या आवाजात वाक्य गरजला, हुबेहूब. भिंती दणाणल्या. क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळले, सरांचासुद्धा. एखाद्या जुन्या नाटकाची घंटा ऐकू यावी तसं झालं. पण मग सरांनी त्याला हातानं खाली बसवलं आणि नाही, नाही म्हणून मान हलवली. नंतर पाठ करून फळा पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले.

शनिवारपर्यंत सिमिली आणि मेटाफर, म्हणजे उपमा आणि रूपक, वर्गाच्या हाती लागले होते. हायपरबोली सापडत होती. आयरनी मात्र कुणालाच धरता येत नव्हती. आधी सगळ्यात दिसायची, आता कशातच दिसेना. वाक्यात तिची खूण नसते. वाक्य आणि भोवतालचं सत्य यांत ती असते, आणि ते भोवतालचं सत्य डोळ्यांनी बघायची सवय या पोरांना कधी लावलीच नव्हती. सरांनीच लावली नव्हती.

सोमवारी सकाळी बायको पिशवी भरून दारात उभी राहिली. सर शाळेचा शर्ट घालून बाहेर आले.

"अहो," ती म्हणाली. पिशवी तिथेच ठेवून दुकानात निघून गेली. त्या आठवड्यात घरात दोघंही मुके होते. सर घसा राखण्यासाठी, आणि ती कशासाठी, ते सरांना विचारायचा धीर झाला नाही.

आठवड्यानं ते डॉक्टरांकडे गेले तेव्हा डॉक्टरांची बोटं गळ्यावरून उतरत मानेच्या बाजूला थांबली. परत तिथेच फिरली.

"ही गाठ कधीपासून?"

सरांनी खांदे उडवले. त्यांनी आरशात पाहिली होती आणि कॉलर वर केली होती.

डॉक्टर हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. परत येऊन म्हणाले, "ऑपरेशन करू. उद्या दुपारी दाखल व्हा. पण आधी मी म्हटलं होतं, जीव वाचतोय. ते आता मी म्हणू शकत नाही." बायको उठून बाहेर गेली. दाराच्या काचेतून तिची पाठ दिसत होती. चष्मा काढून ती पुसत होती, आणि तो तिच्या दुकानातल्या कुठल्याही चष्म्याहून स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशीचा सकाळचा तास शेवटचा. बायको फाटकाशी पिशवी घेऊन थांबली होती. आत यायला तिनं नकार दिला. वर्गाला सगळं कळलं होतं. अशा बातम्या वर्गाला कोण सांगतं कुणास ठाऊक, पण त्या शिक्षकाच्या आधी वर्गात येऊन बसलेल्या असतात. पोरं उभी राहिली ती आवाज न करता.

सरांनी मफलर काढून खुर्चीवर ठेवला. मानेवरची गाठ आता लपवायची गरज नव्हती. खडू घेतला आणि फळ्याच्या मधोमध इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं: मी अगदी ठणठणीत आहे. खाली लिहिलं: म्हणणारा, तुमचा शिक्षक. अलंकार ओळखा.

कुणी ओठ हलवले नाहीत. गॅलरीनं मान खाली घातली. सरांनी खडूनं शंकाच्या बाकावर टकटक केलं. ती उभी राहिली. वाक्याकडे पाहिलं, मग सरांच्या मानेकडे, मग परत वाक्याकडे.

"साधं वाक्य आहे, सर. यात अलंकार नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिला उत्तर माहीत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. अवघा वर्ग श्वास रोखून त्या चुकीच्या उत्तराच्या पाठीशी उभा होता. ती माया होती, आणि उभ्या आयुष्यात सरांना याहून मोठी दाद कुणी दिली नव्हती. घ्यावी आणि घरी जावं, असं त्यांना फार वाटलं.

ते फळ्याकडे वळले आणि लिहिलं: चूक.

मग लिहिलं: पुन्हा बघ.

"नाही सर," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "मला शंका नाहीये."

सरांनी खडू तिच्यासमोर धरला. बाहेर कुणीतरी पाण्याच्या नळाखाली डबा धूत होतं, तेवढाच आवाज. शेवटी ती पुढे आली, खडू घेतला आणि ‘ठणठणीत’च्या इंग्रजी शब्दाखाली रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही.

"आयरनी," ती म्हणाली.

सरांनी लिहिलं: का?

"कारण तुम्ही बरे नाही आहात. आणि ते तुम्हालाही माहीत आहे, आम्हालाही." ती रडत होती, पण थांबली नाही. तिला परीक्षेत असंच लिहायचं होतं, कारणासकट. "आणि तरी तुम्ही असं म्हणताय. म्हणून."

मागे गॅलरीनं नाक ओढलं. सर खुर्चीला धरून उभे राहिले. दोन आठवडे त्यांनी जो घसा राखला होता, तो आता कुणासाठी राखायचा होता? त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "बरोबर."

तोच आवाज निघाला. खालचा, घोगरा, जमिनीवर टाकून दिल्यासारखा. आयरनीचा. वर्गातलं एकही पोर त्या आवाजाला फसलं नाही. शंकानं डोळे पुसले, खडू फळ्याच्या कडेवर ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.